अळणी शनिवार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते चुडाव्याच्या शाळेतल्या आमच्या बाईंचे. दहावीनंतर वडिलांची समजूत घालून त्यांनी मला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा.

पुढं माझी मुलगीही त्यांच्याच वर्गात गेली. बाई दर जूनला वर्गाच्या चौकटीवर पेन्सिलीनं प्रत्येक लेकराची उंची मांडतात. माझ्या मुलीची तिसरीतली रेघ दुसरीतल्या रेघेवरच आली. बाईंनी मला बोलावलं.

"अरे, पोरगी डब्यातलं मीठ नुसतं चाटायलीय. हिरड्या काळ्या पडल्यात. परभणीला लेकरांच्या डॉक्टरला दाखव."

"दाखवतो बाई," मी म्हणालो.

घरी आई म्हणाली, "उन्हानं काळवंडली ती. पोखर्णीच्या नरसिंहाला बोल. वाढंपस्तोर तिचा शनवार अळणी."

मी नवस बोलून आलो. डॉक्टरकडं पेरणी झाल्यावर जाऊ म्हटलं.

शनिवारी मी मिठाची बरणी फळीवर ठेवायचो. एकदा पोरगी डब्यावर चढून बरणीत हात घालताना सापडली.

"पप्पा, चिमूटभरच. तुमी तिकडं बघा ना."

मी तिची मूठ उघडून पाण्यानं धुतली.

त्याच दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले, डोळे फिरले. जीप करून परभणी गाठली. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "मीठ मागत होती का?"

मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या रसामुळं शरीरात मीठ टिकतं. तिच्या त्या ग्रंथी काम करत नव्हत्या. म्हणून ती वाळत गेली, म्हणून वाढ थांबली. आता जन्मभर गोळ्या. कमी पडल्या तर जिवावर बेततं, जास्त झाल्या तर उंची खुंटते.

तिसऱ्या दिवशी तिच्या खाटेशेजारी बसून मी बाईंना पत्र लिहिलं.

"बाई, सा. न.

पोरगी वाचेल म्हणतात. किती वाढेल, ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलं तेव्हा 'दाखवतो' म्हणालो आणि दाखवलं नाही. तिच्या मुठीतलं मीठ मी माझ्या हातानं धुतलं. ती शाळेत येईल तेव्हा दुपारची गोळी तुम्ही द्या. उलटी झाली तर माझी वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. आणि तिनं मीठ मागितलं, तर मागेल तेवढं द्या.

तुमचा विद्यार्थी"