टेलरमावशी आणि दादाच्या गोळ्या

टेलरमावशीने गिऱ्हाइकाशी कधी वाद घातला नाही. बाही घट्ट झाली म्हणून कोणी तणतणत आलं, की ती कपडा अंगावर चढवायला लावते, हात वर करायला सांगते आणि खडूची खूण करते ती खांद्याला! तक्रार बाहीची असली तरी चूक बहुतेकदा खांद्यात असते. एवढा धीर आणावा कुठून, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिचा दादा मात्र वादाला सदा तयार. वर्षभरापूर्वी बायको गेली आणि त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं ते घातलंच. औषध कंपन्या माणसांना मुद्दाम आजारी पाडतात म्हणे, डॉक्टर त्यांना सामील, सगळं वरून ठरतं! परवा तर त्याने ब्लडप्रेशरच्या गोळ्याच कचऱ्यात टाकल्या. मुलगी रडली, जावयाने डोकं आपटून घेतलं, डॉक्टर म्हणाले झटका येईल. दादा ढिम्म. "तुम्ही सगळी मेंढरं आहात!"

मावशीचा जीव टांगणीला लागला. मशीन बंद करून ती तडक त्याच्याकडे गेली, पण गोळ्यांचं नावही काढलं नाही. "दादा, मला पहिल्यापासून सांग. कोणी काय केलं?"

दादाने कंपन्यांचा यथेच्छ उद्धार केला. तिने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "आणि वहिनीचं काय झालं?"

"साध्या तापाने माणूस जातं का गं? काहीतरी दिलंच असणार तिला."

"आणि दिलं नसेल तर?"

"तर मग मीच मारलं ना तिला!" दादा ओरडलाच. "दोन दिवस घरी ठेवली मी. उतरेल म्हटलं ताप."

अगं बाई, म्हणजे दुखत होतं ते इथे! मावशीचे डोळे भरून आले. "अरे वेड्या, दवाखाना नको हा हट्ट वहिनीचाच होता. मी फोनवर सांगितलं तर माझ्याशीही भांडली. तू उचलून नेलीस म्हणून तरी दवाखान्यात पोचली."

दादा लहान पोरासारखा रडला. बऱ्याच वेळाने नाक पुसत म्हणाला, "पण कंपन्या चोर आहेतच."

"असतील मेल्या." मावशीने पिशवीतून गोळ्यांची नवी पट्टी काढली. "मला माहेर म्हणून आता तूच उरलायस, दादा."

दादाने पट्टीतून एक गोळी काढली. मग म्हणाला, "पाणी आण."