तात्पुरती ओळ

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. नवं बांधण्यापेक्षा जुनं उचकटून दुरुस्त करण्यात त्याचा जीव जास्त रमे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. वय चव्वेचाळीस. वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात चव्वेचाळीस म्हणजे म्हातारपणच, आणि म्हाताऱ्यांना असावीत तशी ठाम मतं त्याच्याकडे होती. ती न विचारताही मिळत.

कंपनीचं काम साधं होतं: लोकांना फॉर्म बनवून देणं. शाळेचा प्रवेश, दवाखान्याची नोंदणी, वाचनालयाचं सभासदत्व. पण त्या साध्या फॉर्मसाठी दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवं साधन घेऊन येई, जुनं रातोरात अडगळीत जाई आणि सगळे पुन्हा पहिलीत बसत. मिस्त्री म्हणायचा, "पान उघडावं, नाव लिहिता यावं, बटण दाबलं की ते पोचावं. एवढंच ना? मग त्यासाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली अकराशे चाळीस तयार पॅकेजेस कशाला लागतात? आपल्याला हवी बादलीभर आंघोळ आणि आपण काढलाय नळाचा कारखाना." पोरं हसत आणि अकराशे एकेचाळिसावं पॅकेज जोडत.

आता गंमत अशी, की त्या अकराशे चाळिसांत एक मिस्त्रीचं स्वतःचं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या वडिलांना कसलासा फॉर्म भरायचा होता आणि तो काही केल्या पुढे सरकेना. घोडं अडलं होतं जन्मतारखेवर. वडिलांना जन्माचं वर्ष ठाऊक होतं, महिना ठाऊक होता, दिवस कुणी लिहूनच ठेवला नव्हता. आणि फॉर्म म्हणत होता, दिवस सांगा, नाहीतर घरी जा. वडील खुर्चीत अवघडून म्हणाले, "जन्मलोय एवढं नक्की आहे रे, त्यांना सांग." मिस्त्रीला ते लागलं. त्याने दोन सुट्ट्या घालवून तारीख निवडायची एक छोटी चौकट लिहिली. तिच्यात दिवस रिकामा सोडता यायचा. पण पुढच्या यंत्राला पूर्ण तारीख लागते, म्हणून त्याने आत एक ओळ घातली: दिवस रिकामा असेल तर एक तारीख धर. शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली, 'तात्पुरतं'. आणि ती चौकट ओपन सोर्स म्हणून जगासमोर ठेवून दिली, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी वापरावी.

जगाने घेतली. आधी शंभर जणांनी, मग हजारांनी, मग मोजायचंच बंद झालं. सुरुवातीला तो इतका खूश होता, की सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघायचा. मग आकड्यामागून माणसं आली. कुणाची चौकट जुन्या फोनवर वाकडी दिसे, कुणाला आठवड्यात रविवार आधी हवा असे, कुणाला सोमवार. कुणी विनंती करी, कुणी हुकूम सोडी, कुणी नुसतंच खडसावी. कुणीही त्याचं काही लागत नव्हतं आणि सगळ्यांना त्याचं उत्तर आजच हवं होतं.

ती ओळ काढायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. सात वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने ती दुरुस्त केली: रिकामं ते रिकामंच राहू दे. अगदी बरोबर, अगदी प्रामाणिक काम. दोन तासांत जगाने त्याला डोक्यावर घ्यायचं सोडून धारेवर धरलं. कुठल्या शाळेचे प्रवेश अडले, कुठल्या संस्थेचे वाढदिवस हरवले. त्या चुकीच्या एक तारखेवर लोकांनी कधीच मजले चढवले होते. जेवायच्या सुट्टीत, हातातला घास तसाच ठेवून, त्याने चूक जागच्या जागी परत बसवली. शिवाय माहितीपत्रकात लिहिलं, 'हा दोष नाही, हे असंच चालतं.' स्वतःच्या हाताने स्वतःची चूक नियम म्हणून जाहीर करायची वेळ फार कमी माणसांवर येते. त्या दिवशी तो घरी आला आणि चपला न काढता बसून राहिला.

बायको औषधांच्या दुकानात काम करायची. दुकान बंद झालं की तिचं काम संपे, आणि न संपणाऱ्या कामावर तिचा विश्वास नव्हता. त्या चौकटीला ती सवत म्हणायची. आधी चेष्टेत, मग निम्मं चेष्टेत. या महिन्याच्या सुरुवातीला तिच्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला. अठ्ठावीस फोटोंत मिस्त्री होता आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फोटोंत त्याची मान खाली, फोनमध्ये. बहिणीच्या सासूने अल्बम तिच्या हाती देताना कौतुकाने म्हटलं होतं, "तुमचे मिस्टर फारच लाजाळू." बायको तेव्हा हसली. घरी आल्यावर मात्र अल्बम त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "एक तर ती राहील, नाहीतर तू माणसात राहशील. कायमचं बंद करायचं बटण असतं ना त्याला?"

"असतं."

"मग दाब. या महिन्याचा शेवटचा रविवार. शब्द दे."

त्याने शब्द दिला, आणि मनापासून दिला. निरोपाचं पत्रही लिहून ठेवलं. बटण दाबलं की चौकट जिथे आहे तिथे राहणार होती, पण तक्रारींचं दार बंद होणार होतं. पुढे काही बिघडलं तर ज्याचं त्याने बघावं.

तशी चौकट सांभाळायला एक जण तयार होता. दोन वर्षं कुणीतरी त्याला न मागता नेटक्या दुरुस्त्या पाठवत होतं. चित्राच्या जागी बगळा लावलेला, म्हणून मिस्त्रीच्या लेखी तो बगळा. बगळ्याने लिहिलं होतं, 'दमला असाल तर चौकटीच्या किल्ल्या माझ्याकडे द्या, पुढचे बदल मी करीन.' मिस्त्रीने विचारलं, तुम्ही कोण? उत्तर आलं, 'माझं काम बघा, तोच मी.' काम खरंच चांगलं होतं. पण अशा गोड बोलून घेतलेल्या किल्ल्यांनी लोकांच्या वेबसाइटवर दरोडे पडल्याचं त्याच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेलं होतं. त्याने किल्ल्या दिल्या नाहीत. बायको एवढंच म्हणाली, "तुला सुटायचंच नाहीये." तो चिडला, कारण त्यात बरंचसं खरं होतं. इतक्या अनोळखी माणसांचं आपल्यावाचून अडतं, ही गोष्ट गळ्यातलं लोढणं असली तरी गळ्यातली होती.

शेवटच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी ऑफिसात मीटिंग झाली. विषय: नको असलेली साधनं काढणे. मिस्त्री इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मीटिंगला वेळेआधी पोचला. टीमलीड, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि कामाला चोख, यादी वाचत गेली आणि एका नावाशी थबकली. "हे... तुमचंच आहे ना? म्हणजे, ब्राउझरमध्ये आता तारखेची चौकट आयतीच असते. हे काढलं तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"वाईट? पेढे... नाही, चहा पाजतो सगळ्यांना. काढा. जे ब्राउझरला येतं ते त्याला करू द्या, हेच ओरडतोय मी केव्हापासून."

कोपऱ्यात टेस्टर बसली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच तिचं काम, त्यामुळे तिला सहसा कुणी चहा पाजत नसे. ती म्हणाली, "ब्राउझर रिकामा दिवस घेत नाही. आणि आपल्या सगळ्या जुन्या नोंदी रिकाम्याला एक धरून केल्यात. काढलं तर त्या जुळणार नाहीत."

सगळे मिस्त्रीकडे बघायला लागले. त्याने टेबलाकडे बघितलं. तासाभराने मीटिंग संपली तेव्हा यादीतली दोन साधनं निघाली होती आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं. लोकांना उपदेश करता करता आपणच त्यांच्या दारात अडकलेला दगड आहोत, हे तो जिना उतरताना स्वतःशी कबूल करून चुकला.

तरी रविवार होताच. शनिवारी वडिलांना छातीच्या तपासणीला न्यायचं होतं. दवाखाना नवीन संगणकावर गेला होता, त्यामुळे नोंदणी नव्याने. खिडकीमागच्या बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि मिस्त्रीला आपली चौकट दिसली. तीच ती, गोल कोपऱ्यांची, निळ्या कडांची. रस्त्यात आपलं पोर दिसावं तसा तो पुढे झुकला.

"जन्मतारीख?"

वडिलांनी वर्ष सांगितलं, महिना सांगितला. "दिवस माहीत नाही बाई."

"चालेल, रिकामा ठेवते." बाईंनी बटण दाबलं. "तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात का?"

"सहा वर्षं येतोय की."

"इथे तर जुनं काहीच दिसत नाही. नावाने शोधलं तर चौदा जण निघतात." बाईंनी मागे वळून कुणालातरी विचारलं, मग सुस्कारा सोडला. "कळलं. दिवस माहीत नसला की जुन्या रजिस्टरात आम्ही पंधरा लिहायचो. हा कॉम्प्युटर एक लिहितो. म्हणून तुम्ही ते नाही, असं तो म्हणतो."

"मी तो नाही?" वडिलांनी मुलाकडे बघितलं.

"रिकामं होतं ते रिकामं ठेवलं असतं, तर महिना बघून जुळवलं असतं आम्ही. पण हा गुपचूप एक घालतो, आणि एकदा घातला की मग बदलू देत नाही. तरीच रोज आठ-दहा म्हातारी माणसं अशी परत जातात. जुने रिपोर्ट शोधून ठेवते, तुम्ही बुधवारी या. डॉक्टर त्याशिवाय बघत नाहीत."

"माझा मुलगा कॉम्प्युटरमध्येच आहे," वडील अभिमानाने म्हणाले.

"मग सांगा त्यांना, हे नीट करायला." बाई हसल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर पायऱ्यांवर वडील दम खायला थांबले. "बुधवारी येऊ रे, त्यात काय. घरी तरी मी कुठे नांगर धरतोय." त्याला खूप सांगावंसं वाटलं, की बाबा, ही चौकट मी तुमच्यासाठीच केली होती. सांगायची लाज वाटली. त्याने त्यांचा हात धरला आणि पायरी दाखवली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. निरोपाचं पत्र वाचून झालं होतं, बटण समोर होतं. बायको पलीकडे सासऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होती आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

"मी आज दाबलं," तो म्हणाला, "तर ती ओळ कायमची आत राहील. रोज आठ-दहा म्हातारी एका दवाखान्यातून परत जातील. असे दवाखाने किती, मला माहीत नाही."

"मग ओळ काढ आणि दाब."

"एकदम काढली तर सात वर्षांपूर्वीसारखं होईल. आधी सगळ्यांना सांगावं लागेल, बदलायला वेळ द्यावा लागेल. एक वर्ष तरी."

बायकोने गोळी कप्प्यात टाकली. "म्हणजे आज नाही."

"आज नाही."

"बाबांकडे बघून नाही म्हणतोयस, की त्या सवतीकडे?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "दोन्ही," तो म्हणाला.

तिने पुढचा कप्पा उघडला. मग म्हणाली, "कधी सुटशील?"

"पुढच्या वर्षी. याच महिन्यात."

"तारीख?"

"तारीख आत्ता कशी सांगू? किती लोक ऐकतील, किती नाही... तारीख रिकामी ठेव."

ती उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान तिने उलटलं. तिथे पुढच्या वर्षाचे महिने बारीक अक्षरांत छापलेले होते. औषधांवर खुणा करायच्या जाड पेनने तिने त्यातल्या एका महिन्यात, पहिल्याच आकड्याभोवती गोल केला.

"हे काय?"

"दिवस रिकामा असेल तर एक तारीख धरायची. तुझाच नियम आहे. अख्खं जग पाळतं, मीही पाळते."

त्याला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. ती हसत नव्हती. तिने पान सरळ केलं, पेनचं टोपण लावलं आणि परत गोळ्यांकडे वळली, हिशोब मिटला असं समजून. जगाला तो 'अजून थोडं थांबा' म्हणू शकत होता, आणि जग कुरकुरत थांबलं असतं. ही मात्र त्या एका गोलावर विसंबून आता वर्षभर काही बोलणार नव्हती, आणि तो दिवस चुकला तर त्यानंतरही बोलणार नव्हती.

त्याने निरोपाचं पत्र पुसलं आणि सगळ्यांसाठी वर्षभराची सूचना लिहायला घेतली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत वरच्या कोपऱ्यात नवी तक्रार येऊन पडली. नुसतं बघतो, उत्तर देत नाही, असं स्वतःशी म्हणून त्याने ती उघडली.