रस नाकारणारी पावणी

खैरुनबी गुऱ्हाळाच्या वाटेला लागली की लांबूनच तिला बघून गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. कोल्हापूरकडं गुऱ्हाळावर आलेला माणूस, ओळखीचा असो की वाटसरू, रस प्याल्याशिवाय जात नाही. मालक स्वतः गिलास भरून देतो. आणि ही बाई यायची, चिपाडांच्या ढिगाशेजारी बसायची, पुढं केलेल्या गिलासाकडं बघायची आणि म्हणायची, न्हाय.

हातकणंगल्याजवळच्या त्या गावात आधी तिचा आवाजसुद्धा कुणी ऐकला नव्हता. नवरा मौलाली आकाराम पाटलाच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायचा. चरकाच्या लाटण्यासारख्या लोखंडी लाटा इंजिनावर गरगर फिरायच्या, ऊस आत गेला की खाली रस, मागं चिपाड. मोळीतली तुटकी कांडकी राहिली की ती हातानंच आत सारायची, ही सगळ्यांची खोड. ऊस वाया घालवायला जीव कुणाचा होतोय? सत्तर सालच्या हंगामात अशाच एका कांडक्याबरोबर मौलालीचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. इंजिन बंद करीपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आकाराम वाईट माणूस नव्हता. दवाखान्यात हेलपाटे घातले, घरी जोंधळ्याचं पोतं पाठवलं, आणि पुढच्या हंगामात मौलालीच्या जागी त्याच्याच पोराला, चमनला, उभं केलं. उपकार म्हणूनच केलं बिचाऱ्यानं. चमनच्या अंगात रग, त्यात बापाची जागा मिळालेली, मग काय विचारता. खैरुनबीला मात्र घास गिळवेना. पोरगा जेवायला बसला की ती त्याच्या ताटाकडं बघायचं सोडून हाताकडं बघायची.

चौकशी केली तेव्हा तिला कळलं की आसपासच्या गावांत असे बरेच आहेत. कुणाची बोटं गेलेली, कुणाचा पंजा. सगळे आपापल्या सोप्यात नशिबाला बोल लावत बसलेले. तिचं डोकंच फिरलं. नशिबानं न्हाय, उघड्या लाटांनी हात गेल्यात, असं तिनं एकेकाला सुनावलं आणि सगळ्यांना गोळा करून गुऱ्हाळागणिक न्यायला लागली. मोर्चा नाही, घोषणा नाही. पावणं म्हणून जायचं, बसायचं. पावण्याला हाकलायचं कसं? मालक रस आणायचा. ही माणसं उरलेल्या हातानं गिलास मागं सारायची. लाटांपुढं जाळी बसवा, मग पितो, एवढंच बोलणं.

पहिल्यांदा मालक लोक हसले. पण पावणं उपाशी उठलं तर त्या आधणाचा, म्हणजे काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, गूळ बसत नाही, अशी गुळव्यांची पक्की समजूत. आणि झालंही तसंच, आकारामच्या गुऱ्हाळावर एक अख्खं आधण चिक्कीच्या गुळासारखं चिकट झालं. खरं सांगायचं तर गुळव्याचं लक्ष काहिलीत नव्हतंच, ते पावण्यांच्या तोंडाकडं होतं. पण बोंब झाली ती झालीच. मालकच उठून कोल्हापूरला, चरक ओतणाऱ्या गणपतरावांच्या कारखान्यात गेले. इतकी वर्षं चरक विकतोय, जाळी कुणी मागितली नाही, असं गणपतराव म्हणाले. आता मागतोय, असं आकारामनं सांगितलं. पुढच्या हंगामाला चरकांच्या तोंडाला लोखंडी जाळी आली आणि खैरुनबीनं पहिला गिलास घटाघटा रिकामा केला.

महिनाभरानं ती चमनची भाकरी घेऊन गेली, तर जाळी चिपाडात पडलेली. चमननं स्वतःच्या हातानं खोललेली. तो हसतहसत रस घेऊन आला.

"तुज्या हातचा न्हाय पिणार मी," ती म्हणाली.

सगळ्यांदेखत आईनं असं म्हटल्यावर पोरगं चिडलं. वाकडा ऊस जाळीत अडकतोय, मागं मोळ्या साचत्यात, सगळ्यांनीच जाळ्या काढल्यात, तूच येऊन घालून बघ, असं तावातावानं बोलला. तिनं पदर खोचला, जाळी पुन्हा लावायला लावली आणि स्वतः ऊस घातला. अडकला. दुसरा घातला, तोही अडकला. इतक्या गावांतनं भांडून जे आणलं, ते कुचकामी निघालं होतं. घाव वर्मी बसला तिच्या.

"जाळी मीच मागितलीवती. चुकलं माझं," ती म्हणाली. "पर लाटा उघड्या ठिवून मी रस पिणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती, चमन आणि मौलाली, तिघंही एस्टीनं कोल्हापूरला गेली. गणपतराव आधी वैतागलेच, एकदा केलं ते परत कशाला, म्हणून. चमननं अडकलेल्या उसाची सगळी तक्रार सांगितली. मौलालीनं उरलेलं कोपर टेबलावर ठेवलं. गणपतरावांनी टेप मागवला आणि चमनचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला. लाटांपुढं चारी बाजूंनी बंद, फक्त तोंडाला उघडी असलेली पन्हळ बसवायची ठरली, त्या हातापेक्षा वीतभर लांब. वाकडा ऊसही सरकेल, पण बोट पोचणार नाही. बारक्या कांडक्यांसाठी लाकडी दांडकं. पुढं त्या कारखान्यातला प्रत्येक चरक तसाच बाहेर पडला. नेसरीपासून कुरुंदवाडापर्यंत कुठल्या कुठल्या गुऱ्हाळांवर चमनच्या हाताचं माप पोचलं.

आकारामच्या चरकाला पन्हळ बसली त्या दिवशी खैरुनबी आणि मौलाली पावणं म्हणून गेली. दिवसभर ऊस सुरळीत गेला. कांडकी राहिली तेव्हा चमननं दांडकं उचललं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तो दोन्ही हातांत दोन गिलास घेऊन आला. एक बापाच्या डाव्या हातात दिला, एक तिच्यापुढं धरला. ती घोटभर प्याली आणि तिला रडू कोसळलं.

"का गं अम्मा, गोड न्हाय?" चमन गडबडून म्हणाला.

"गोड हाय की," ती म्हणाली. गिलास खाली ठेवून तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि मागनं आकाराम मोळ्या साचल्या म्हणून ओरडत होता तरी सोडले नाहीत.