पूर्वेकडे तोंड केलेली वाहने

चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिण बाजूस आमचे मारुतीचे देऊळ आहे. वडिलांच्या पश्चात त्याची पूजाअर्चा माझ्याकडे आली. रस्ता प्रथम रुंदावला तेव्हा अंगण गेले, नंतर पार गेला. आता मध्ये दुभाजक आहे आणि कडेची पांढरी रेघ उंबऱ्यापासून चार हातांवर येऊन थांबली आहे. चाकणच्या कारखान्यांतून निघालेले कंटेनर तिला लागूनच पश्चिमेकडे जातात. ते जाऊ लागले की गाभाऱ्यातील समईची ज्योत आडवी होते.

नवे वाहन पूजेस आले की त्याचे तोंड पूर्वेकडे करावयाचे, ही वडिलांची रीत. रस्ता निवांत होता तेव्हा तिच्यात काही वावगे नव्हते. आता मात्र पूर्वेकडे तोंड म्हणजे येणाऱ्या वाहनांच्या समोर तोंड. त्यातून औक्षण करणारी सुवासीण वाहनापुढे उभी राहते. तिची पाठ नेमकी कंटेनरांकडे असते.

देवळाला लागून गॅरेज चालवणारे मुसलमान मिस्त्री माझ्याच वयाचे. ते हात पुसत येत आणि म्हणत, "गुरुजी, गाडी फिरवा की जरा."

"रीत आहे, मिस्त्री."

"रीत तुमाला ठावं हाय. कंटेनरवाल्याला कोण सांगणार?"

मी मंत्र पुढे चालू ठेवी. वस्तुतः पूजकाने पूर्वाभिमुख असावे, एवढेच मी शिकलो होतो. वाहनाच्या तोंडाविषयी एकही वचन मला ठाऊक नव्हते. परंतु वडिलांची रीत मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

मागील दसऱ्याच्या सकाळी तळवड्याच्या कारखान्यांत माल पोहोचवणारा मराठवाड्याचा एक तरुण नवा टेम्पो घेऊन आला. सोबत पत्नी होती. चाकांखाली लिंबे ठेवली, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले. ती तबक घेऊन समोर उभी राहिली, तोच एक कंटेनर गेला आणि निरांजन विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. तिसऱ्यांदा लावावे तर काडेपेटी रिकामी.

"आत जाऊन समईवर लावून आणा," मी म्हणालो.

ती उंबरा ओलांडून आत गेली. तिचा नवरा माझ्याजवळ पायरीवर उभा होता. मागोमाग जो आवाज झाला तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही. टेम्पोचे तोंड चेपले होते. स्वस्तिक पत्र्याच्या घडीत दिसेनासे झाले होते. ती उभी होती त्या जागी आता कंटेनरचे चाक होते.

तरुणाने माझ्या पायांवर डोके ठेवले. "गुरुजी, तुमच्या पुण्याईनं वाचली हो ही!"

मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. सत्य सांगण्याची ती वेळ होती आणि ती मी जाऊ दिली.

माझ्या त्या मौनाची कथा झाली. ती थेरगावपर्यंत गेली, माणपर्यंत गेली. यंदाच्या दसऱ्याला उजाडतानाच देवळापुढे वाहनांची रांग लागली. सगळ्यांची तोंडे पूर्वेकडे.

मी पायरीवर उभा राहून सांगितले, "वाहने वळवा. शास्त्रात असे काही नाही. मागच्या वर्षी काडेपेटी संपली म्हणून ती बाई वाचली."

लोक हसले. "गुरुजी, आमची परीक्षा घेताय व्हय?" एक जण म्हणाला. "पूर्वेला तोंड होतं म्हणूनच तर वाचली ती!"

"ऐका की राव त्यांचं," मिस्त्री गॅरेजमधून ओरडले.

"मिस्त्री, तुमी पाना धरा, पूजेचं गुरुजी बघतील."

पहिल्या टेम्पोपुढे एक मुलगी तबक घेऊन उभी राहिली होती. लग्नाला वर्ष झाले नसेल. मी तिला बाजूला व्हायला सांगितले. ती हसून म्हणाली, "तुम्ही आहात ना, गुरुजी." आणि पदराने ज्योत झाकून ती औक्षण करू लागली.

दूर चाकणच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. मी पायरी उतरलो, तिच्या पाठीमागे गेलो आणि पांढऱ्या रेघेवर चाकणकडे तोंड करून उभा राहिलो. पूजकाने पूर्वाभिमुख असावे, एवढे तरी मला नक्की ठाऊक होते. मिस्त्री लाल फडके हलवत माझ्यापुढे धावत गेले. मागे औक्षणाच्या ओव्या सुरू होत्या, आणि ज्योत विझल्याचे कोणी म्हणत नव्हते.