रिकाम्या आभाळात दिसलेलं यान

आमच्या घरात तृतीयेची चंद्रकोर आधी वडीलधाऱ्यानं पाहायची. त्यानं बोट दाखवलं की बाकीच्यांनी "दिसली, दिसली" म्हणत हात जोडायचे. खरंच दिसली का, असं कुणी कुणाला विचारत नाही. तंजावुरात इतक्या पिढ्या काढल्यावर कोर बघायची रीत तमिळ शेजाऱ्यांकडून आली असावी. मोठ्यांच्या पुढं बोलायचं नाही, हा हट्ट मात्र आमचा.

त्या शनिवारी चंद्र नव्हता, यान होतं. काम संपलेलं, बंद पडलेलं, नुसतंच पृथ्वीभोवती फिरत राहिलेलं. चेन्नईतल्या माझ्या भावानं आदल्या दिवशी अप्पांना फोनवर सांगितलं होतं, सहा पन्नासला वायव्येकडून येईल, साध्या डोळ्यांना दिसेल. अप्पा खूश. "तेही रिटायर्ड, मीही रिटायर्ड. भेटायलाच हवं." दुपारी भावाचा मला मेसेज आला: चुकलं, सहा त्रेपन्न, नैर्ऋत्येकडून. अप्पांना सांगायचं मी साफ विसरले. घरात कामं काय कमी असतात?

मोट्टैमाडीवर, म्हणजे आमच्या गच्चीवर, आम्ही चौघं उभे होतो. अप्पा, आई, मी आणि माझी आठ वर्षांची लेक. बरोबर सहा पन्नासला अप्पांनी हात उचलला.

"ते बघा, निघालं! केवढं लखलखतंय!"

बोट सावकाश वर सरकू लागलं. आईनं हात जोडले. "दिसलं, दिसलं." मीसुद्धा म्हणाले, जीभच वळली तशी. मग मात्र दुपारचा मेसेज आठवला आणि फस्सकन हसू आलं. आभाळात काही म्हणजे काही नव्हतं. अप्पा चक्क थापा मारतायत, म्हटलं.

तीन मिनिटांनी खरं यान आलं. मोठ्या देवळाच्या शिखराच्या बाजूनं वर चढलं, मध्येच मंद होत, मध्येच भक्कन चमकत. लेक आजोबांना हलवत किंचाळली, "ताता, ते बघा!" अप्पा वळून त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. डोळे सताड उघडे.

"कुठं गं?" ते म्हणाले. आणि घाईघाईनं, "हां, हां, दिसलं."

"कुठल्या बाजूला चाललंय, अप्पा?"

त्यांनी बोट उचललं. ते तसंच हवेत राहिलं.

रोज सकाळी माझ्या लेकीला स्कूटरवर मागं बसवून शाळेत कोण नेतं? हेच. राजवाड्यामागच्या गल्लीतून बाहेर पडलं की समोर टाउन बस, उलटे घुसणारे ऑटो, गाईगुरं. मी कॉलेजच्या ऑफिसला वेळेवर पोचावं म्हणून वर्षभर पोरीला त्यांच्या हवाली करून निर्धास्त. गेल्या महिन्यात स्कूटरचा आरसा फुटला, तेव्हा म्हणाले, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं. मी मानलंसुद्धा. अक्कल गहाण टाकली होती मी! मी कठडा धरला. यान डोक्यावरून कधी गेलं, मला कळलं नाही.

"अप्पा, तुम्हाला दिसत नाही ना?"

"संध्याकाळचं जरा पुसट होतं. सकाळी काही नाही." मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. म्हणजे हिला ठाऊक होतं. "उगीच जीव खाऊ नकोस," अप्पा म्हणाले. "इतके दिवस पोचवलं ना नीट?"

"आणि एक दिवस नाही पोचवलं तर?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या गच्चीवरची मंडळी वळून बघायला लागली. "एकच दिवस, अप्पा!"

"मग मी दिवसभर घरात बसून करू काय?" ते पुटपुटले. वाईट वाटलं मला, नाही असं नाही. पण सोमवारची सकाळ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

लेकीला वाटलं, मी उगाचच त्यांना रागावतेय. ती आमच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"अम्मा, ओरडू नको ना ताताला. त्यांना नाही दिसलं तरी काही होत नाही. मी असते की मागं. बस आली की पाठीत एक गुद्दा, लाल सिग्नल लागला की दोन. झोप आली तरी मी डोळे मिटत नाही, खरंच."