एक हात अंतर

मागच्या मंगळवारी माझी जी काही टरकली होती ना... आठवडा होत आला, तरी अजून जेवताना मध्येच हात थांबतो. आज लिहूनच टाकतो, म्हणजे जरा मोकळं वाटेल.

अंबरनाथच्या एका शाळेत मी पीटी शिकवतो. ओळखणारे आता हसतील, कारण मी जांभूळ गावचा, कबड्डीत वाढलेला, अंगाने रेड्यासारखा. पण खरं सांगतो, पहिलीच्या पोरांच्या हातात बॅट दिली की भल्याभल्यांना घाम फुटतो.

ही पोरं बॉल मारत नाहीत, हवा मारतात. बॅट फिरली की पोरगंही तिच्यासोबत गोल फिरतं, आणि ती कुठून बाहेर निघेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून माझी तयारी पक्की असते. बॉल म्हणजे मोज्यात जीन्सच्या चिंध्या कोंबून शिवलेला गोळा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये माझ्या साडूचं जीन्सचं वर्कशॉप आहे, तो पोतंभर चिंध्या देतो. हा बॉल डोक्यात बसला तरी पोर खिदळतं.

उलट्या बादलीवर बॉल ठेवायचा आणि भोवती फक्कीने मोठं रिंगण आखायचं. रिंगणात फक्त मारणारा, बाकी सगळी पब्लिक लांब. बॅट प्लॅस्टिकची, हलकी... पण कड ती कडच.

त्या दिवशी नंबर होता गार्गीचा. वर्गातली सगळ्यात बारकी, पण राग नाकावर. दोनदा बॉल हुकला तशी ती पेटलीच, आणि तिला चिडवायला पोरं उठून पार रिंगणापर्यंत आली. मी त्यांना मागे हाकलणार, तेवढ्यात व्हरांड्यातून मोठ्या बाई निघाल्या.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना घोळका बघवत नाही. चालता चालता सवयीने म्हणाल्या, "लाईन करा रे. एक हात अंतर."

झालं! आमच्या पोरांना दुसरं काही येवो न येवो, हे झोपेतही येतं. प्रार्थनेला, खिचडीला, घरी जाताना, हात पुढे आणि पुढच्याच्या खांद्याला टेकवून अंतर मोजायचं. घोळक्याची बघता बघता लाईन झाली... आणि लाईनीत सगळ्यात पुढे कोण, तर बॅट उगारलेली गार्गी.

तिच्या मागे अंश. वर्गातलं सगळ्यात शहाणं पोर. एक हात लांब करून, अगदी ताठ, रिंगणाच्या आत उभा. गार्गीचा जीव बॉलमध्ये अडकलेला, तिला काही ऐकूच गेलं नव्हतं.

मी "थांब" म्हणेपर्यंत बॅट फिरली होती.

अंश रडला नाही, आणि मला धडकी भरली ती त्यानेच. रडणारं पोर परवडतं हो. हा नुसता खाली बसला, डोळ्यावर हात धरून, आणि बोटांमधून रक्त यायला लागलं.

त्याला उचलून रिक्षात घातलं. मोठ्या बाईही सोबत बसल्या. मी सारखा म्हणत होतो, बाळा, हात काढ, बघू दे... आणि मनातून वाटत होतं, नको काढू. मला बघायचं नव्हतं.

त्याची आई आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून ऑफिसात निरोप ठेवला. लागलंय, एवढंच सांगितलं. डोळा हा शब्द तोंडातून निघेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला आत नेलं आणि दार लावलं. मी बाहेर येरझाऱ्या घालतोय. ती माऊली आली तर काय तोंड दाखवू? सकाळी दोन डोळ्यांचं पोर दिलं होतं तिने माझ्याकडे.

ती आली, कंपनीची टोपी तशीच डोक्यावर. काही विचारायच्या आत दार उघडलं, आणि डॉक्टर म्हणाले, डोळ्याला काही झालेलं नाही. भुवई फाटलीय, टाके पडतील. ती मटकन बाकावर बसली. मी तर भिंतीला टेकूनच राहिलो.

आम्ही आत गेलो. अंशने आईकडे बघितलं, मग मोठ्या बाईंकडे, आणि घाबरत घाबरत मला विचारलं, "सर, मी अंतर बरोबर घेतलं होतं ना?"

आत्तापर्यंत तो ह्याला घाबरून गप्प होता. मोठ्या बाई पुढे झाल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं रे राजा. माझं चुकलं."

काल पुन्हा पहिलीचा तास होता. खरंतर मी त्यांना नुसतं पळवणार होतो. पण गार्गी त्या दिवसापासून बॅटकडे बघतही नव्हती, हात पाठीमागे बांधून उभी राहायची. म्हटलं, आज हिच्या हातात बॅट दिली नाही, तर ही भीती हिच्यात घर करून बसेल.

पोरांना नवा नियम दिला. बॅट धरली की आधी हात लांब करून सावकाश गोल फिरायचं, ज्याला ती लागेल असं वाटेल त्याने लांब पळायचं. कोणीही सांगितलं तरी मैदानावर लाईन करायची नाही. भुवईला पट्टी लावलेला अंश सगळ्यांत लांब पळाला, आणि तिथूनच ओरडला, "गार्गे, मार आता."

तिने मारला. खोटं कशाला सांगू, मी डोळे मिटले होते. ठप्प असा आवाज आला, तसे ते उघडले आणि बॉल कुठे गेला हे न बघता आधी डोकी मोजली. सगळी जागेवर.

मोठ्या बाई व्हरांड्यात थांबल्या होत्या. समोर पोरं वाट्टेल तशी विखुरलेली, एक इकडे, दोन तिकडे. बाईंनी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

माझी भीती काही गेलेली नाही. असू दे, पोरं मोठी होईपर्यंत ती माझ्याकडेच राहिलेली बरी. ह्या वेळी देवाने सांभाळलं, त्याचे आभार.