मागची बाजू बघणारे साडू

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूची पुढची बाजू आधी पाहिली नाही. रेडिओ घ्या, कपाट घ्या, माणूस घ्या, ते आधी वळसा घालून मागे जात. कुणाच्या घरी नवा रेडिओ आला की घरातली मंडळी समोर बसून गाणं ऐकत आणि आमचे साडू भिंत आणि रेडिओ यांच्यामधल्या वितभर जागेत डोकं घालून उभे असत. गाणं संपलं की तिथूनच आवाज येई, "बांधणी बरी हाय. पण बिघडल्यावर इचारायचं कुणाला?" मग यजमानाचा चेहरा पडे, कारण हा प्रश्न त्याने दुकानदाराला विचारलेला नसे.

मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. माझ्या सासऱ्यांनी थोरल्या जावयाचं मत घेतल्याशिवाय धाकटीचं लग्न ठरवायचं नाही असं पक्कं केलं होतं. त्यामुळे सासऱ्यांबरोबर साडू आष्ट्याला आमच्या घरी आले. मी सोप्यात नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसलो होतो. आवाज चांगला म्हणून रेडिओवर निवेदकाच्या तात्पुरत्या कामासाठी नुकतीच माझी निवड झाली होती आणि त्याच आवाजात "नमस्कार" म्हणायची तयारी करून ठेवली होती. साडूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घरातून आरपार ते परड्यात गेले. तिथे गोठा बघितला, आमच्या चुलत्यांशी उसाच्या पाण्यावरून बोलले, आईला चुलीपाशी जाऊन "आवं, पाणी द्या की" म्हणाले, आणि तासाभराने सोप्यात येऊन सासऱ्यांना सांगितलं, "पोराची बांधणी यथातथाच हाय. पण मागं माणसं खंबीर हायती. बिघडला तर दुरुस्त करून देतील." माझं लग्न या शिफारशीवर झालं. आमच्या सौभाग्यवती अजूनही अधूनमधून हे वाक्य म्हणतात आणि माझ्या आईची आठवण काढतात.

पुढे योग असा की मी ज्या रेडिओ केंद्रावर रुजू झालो तिथेच साडू इंजिनिअर होते. मूळचे कोरेगावकडचे. फौजेत सिग्नलमध्ये बरीच वर्षं काढून आलेले. घरी मी त्यांना आण्णा म्हणत असे, ते मला पाव्हणं म्हणत. केंद्रात हे चालणार नाही म्हणून मी त्यांना पहिल्या दिवशी 'सर' म्हणून पाहिलं, तर ते चारचौघांत म्हणाले, "पाव्हणं, बरं न्हाई का वाटत?" तेव्हापासून सगळं केंद्र मला पाव्हणं म्हणू लागलं. शिपाईसुद्धा.

रेडिओ केंद्र म्हणजे वाचकांना वाटतं निवेदक, गायक, वादक. तसं नसतं. तिथलं खरं दैवत म्हणजे कन्सोल. टेबलाएवढी एक पेटी. माईकचा आवाज, तबकडीचं गाणं, टेपवरची मुलाखत, सगळं आधी तिच्यात जातं आणि ती ज्याला जेवढं मोठं करील तेवढं गावोगावी ऐकू जातं. निवेदक तिच्यासमोर बसतो, इंजिनिअर तिच्या मागे. बाहेरगावचे इंजिनिअर आले की आमच्या साडूंबरोबर एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलात बसत आणि कुस्तीच्या फडावर जाणत्या माणसांनी मल्लांबद्दल बोलावं तसं वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलांबद्दल बोलत. एकाचा आवाज गोड पण उन्हाळ्यात दम टाकतो. दुसऱ्याचं अंग लोखंडी पण पार्ट मागवला तर कंपनी मेल्यासारखी गप्प. तिसऱ्याच्या कंपनीचा माणूस हाक मारली की येतो, पण येऊन नुसता चहा पिऊन जातो. आवाजाच्या गोडव्यावरून बाकीच्यांची भांडणं होत. साडू भडंग खात ऐकत आणि शेवटी म्हणत, "गोडवा काय, सगळ्या नव्या सुनंला असतोय. सांगा, रुसली तर माहेरचं कोण येतंय?"

त्यांची आणखी एक सवय होती, ती सांगितलीच पाहिजे. कुठल्याही यंत्राचं मागचं झाकण चार स्क्रूंनी बसवलेलं असलं तर ते दोनच लावत. उरलेले दोन त्यांच्या शर्टाच्या खिशात. "पुन्यांदा उघडायचंच हाय की. चार कशाला आवळायचे?" ज्या यंत्राची जबाबदारी त्यांनी घेतली त्याचे दोन स्क्रू गेलेच म्हणून समजा. घरातला रेडिओ, पंखा, त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र, सगळ्यांची झाकणं दोनावर. परक्या यंत्राला मात्र ते चारही स्क्रू नीट लावून देत. चालताना त्यांच्या खिशात बारीक खुळखुळ वाजे. मी ऑन एअर असताना ही खुळखुळ मागून ऐकू आली की माझ्या जिवात जीव येई, कारण माझ्या हातून काय होईल याचा मलाच भरवसा नसे. एकदा माईक चालू राहिला आणि वांग्याच्या भरिताबद्दलचं माझं खाजगी मत तीन-चार तालुक्यांनी ऐकलं. एकदा संध्याकाळी मी अत्यंत प्रसन्न आवाजात 'सुप्रभात' म्हणालो.

आमचं जुनं कन्सोल साडूंनी स्वतः बसवलेलं. तिरप्या तोंडाचं, गोल खुंट्यांचं, दिसायला अडत्याच्या पेढीवरच्या गल्ल्यासारखं. त्याच्यावर माझ्या हातून चहा, ताक आणि एकदा कोकम सरबत सांडलं होतं. सगळं उतारावरून माझ्याच मांडीवर आलं. यंत्राला काही झालं नाही. साडूंच्या कारकिर्दीत प्रसारण कधी मुकं झालं नव्हतं आणि त्याचं श्रेय ते स्वतःला घेत नसत, त्या उताराला देत.

मग नवं कन्सोल आलं. सपाट, चकचकीत, गोल खुंट्यांच्या जागी खाचांमधून वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. बरोबर कंपनीचा पुण्याचा माणूस आला. तरुण, टाय लावलेला, बोलायला गोड. वरून हुकूम असा की आठवडाभर चालवून बघा, इंजिनिअरने 'पसंत' म्हणून सही केली की जुनं कन्सोल उचलून दुसरीकडे पाठवायचं. साहेबांना म्हणजे केंद्रप्रमुखांना सहीची घाई होती. साडूंना नव्हती. एकदा जुनं गेलं आणि हे नवं रुसलं तर केंद्र मुकं होणार, आणि त्या वेळी हाक कुणाला मारायची, एवढाच त्यांचा सवाल होता. त्यांनी सवयीप्रमाणे मागे जाऊन बराच वेळ पाहिलं. मग पुढे आले.

"ह्येच्यावर चहा सांडला तर काय हुतंय?" त्यांनी विचारलं.

तो तरुण हसला. "स्टुडिओत चहाला बंदी असते ना, सर?"

"बंदी असती म्हणून घाईनं पित्यात. घाईनं पित्यात म्हणून सांडतोय."

"पण शहाणा माणूस..."

"शहाण्याला कसलंबी मशीन चालतंय, साहेब. हे आमचे साडू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन ह्येंच्यासाठी पायजे."

मी नम्रपणे मान झुकवली. एखाद्या यंत्राची कसोटी म्हणून आपलं नाव घेतलं जावं हा मान थोड्यांनाच मिळतो.

"वॉरंटीत द्रवपदार्थ येत नाहीत, सर," तो म्हणाला.

"मग तुमी येता का?"

त्या तरुणाने टाय नीट केला आणि बॅग उचलली. तो पुण्याला परत गेला. कन्सोलच्या मागचे चारही स्क्रू जागेवर होते. साडूंनी एकालाही हात लावला नव्हता, आणि केंद्रातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. साहेब सोडून. साहेब रोज विचारत, "काय, झाली का सही?" साडू म्हणत, "अजून परकं हाय." जुनं कन्सोल त्यांनी शेजारच्या खोलीत तारा जोडून तयार ठेवलं होतं.

आठवडा संपत आला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. सुरुवातीला सनईची तबकडी वाजायची, मग ती हळूहळू मागे नेऊन मी बाजारभाव सांगायचे. त्या दिवशी मी बशीत चहा ओतून घेतला होता. आता विचाराल, बंदी असताना बशी आली कुठून? आमच्या शिपायाची माझ्यावर माया होती. बशी मी कन्सोलच्या कडेवर ठेवली. इतकी वर्षं त्या जागी उतार होता, तिथे काही टिकतच नसे. आता सपाटी मिळाली आणि मला ती फार सोयीची वाटली. पुढे कागद उलटताना कोपर लागलं. चहा शांतपणे सगळ्या खाचांमधून आत गेला. आमच्याकडचा चहा म्हणजे निम्मी साखर. सनईची पट्टी मी खाली ओढली तर ती हलेना. माईकची हलली ती पार वर जाऊन तिथेच चिकटली. आणि मग हळदीचे भाव मी सनईच्या वर ओरडून सांगू लागलो. एवढी सनई आणि इतकी हळद म्हणजे कुठल्याही घरात वाटावं की शेजारी लग्न निघालंय. गुळावर आलो तेव्हा माझा आवाज फाटला होता.

मागून खुळखुळ ऐकू आली. साडू आत आले, कन्सोलकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एका बोटाने तबकडीवरची सुई उचलली. सनई थांबली. सुई उचलावी हे मला सुचलं नव्हतं. मग त्यांनी मला दंडाला धरून शेजारच्या खोलीत जुन्या कन्सोलसमोर बसवलं, लाईन बदलली, आणि मी शेंगांचे भाव माणसासारखे सांगितले.

साहेब संतापले. माझी नेमणूक तात्पुरती होती, ती तिथेच संपते की काय असं वाटलं. पण साडूंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. मी शेजारी उभा होतो. तिकडून तो तरुण सांगत होता की चहा वॉरंटीत येत नाही, कंपनी माणूस पाठवणार नाही, त्याचा नाइलाज आहे. साडू "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"आता काय, आण्णा?" मी विचारलं.

"काय न्हाई. सही न्हाई. मशीन परत."

"चूक माझी आहे."

"चूक तुमचीच हाय, पाव्हणं. पर तुमी चुकणार हे मला ठावं हुतं. कंपनीवाले काय करत्यात ते बघायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या फाटकातून एक धुळीने माखलेला माणूस आत आला. टाय नव्हता म्हणून मी ओळखलं नाही. खांद्याला झोळी, हातात साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा घेतलेला कंदी पेढ्यांचा पुडा. तो कंपनीचा तरुणच होता. "रजा टाकून आलोय," तो साडूंना हळूच म्हणाला. "कंपनीत कळवू नका." झोळीतून त्याने नव्या पट्ट्या काढल्या, स्पिरिट काढलं, आणि कन्सोल उघडून बसला. साडू त्याच्या मागे स्टूल घेऊन बसले. पक्कड मागितली की पक्कड, फडकं मागितलं की फडकं. आतून साखर निघाली तेव्हा दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं.

दिवेलागणीच्या सुमाराला काम झालं. मशीन बोललं, गोड बोललं. तो तरुण मागचं झाकण लावू लागला. एक स्क्रू लावला, दुसरा लावला, तिसरा उचलला.

"थांब रं," साडू म्हणाले. "दोन बास."

त्यांनी त्याच्या हातातला तिसरा आणि स्टुलावरचा चौथा घेतला आणि खिशात टाकला. आदल्या आठवड्यात ते त्याला साहेब म्हणत होते. "चल, घरला चल जेवाय. हात धू आधी." सही नंतर झाली, पण ती नुसती कागदासाठी. जुनं कन्सोल पुढच्या महिन्यात ट्रकवर चढलं तेव्हा साडू त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि खिशातले त्याचे दोन स्क्रू शोधून त्याला परत लावून दिले.

आता इथे गोष्ट संपली असती तर साडू शहाणे ठरले असते. तसं झालं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत त्या तरुणाने नोकरी सोडली आणि तो कुठेतरी लांब निघून गेला. कंपनीला हाका मारल्या तर उत्तर येईना. नव्या कन्सोलला धूळ चालत नसे, दमट हवा चालत नसे आणि मी तर मुळीच चालत नसे. एके दिवशी झाकण काढून बसलेले साडू मला म्हणाले, "मागची बाजू बघितली म्या. पर तिच्या मागं काय हाय ते बघायचं राहिलं." "मग सही दिल्याचा पस्तावा होतो का?" मी विचारलं. त्यांनी आतल्या धुळीवर फुंकर मारली. "न्हाई. आलता की त्यो." पुढे ते निवृत्त होईपर्यंत त्या कन्सोलच्या मागे कंपनी म्हणून ते एकटेच उभे होते. प्रसारण मुकं झालं नाही.

निवृत्त होऊन ते कोरेगावकडे शेतात राहायला गेले. पण माझ्या घरी काही बिघडलं की पोस्टकार्ड टाकायचा अवकाश, एसटीने यायचे. इस्त्री, पंखा, एकदा तर आम्हा नवरा-बायकोचं भांडण. त्यात त्यांनी दोन्ही बाजू मागून बघितल्या आणि मलाच दोषी ठरवलं. जाताना खिशात आमच्या घरचे दोन स्क्रू असायचेच.

शेवटचे आले तेव्हा माझा रेडिओ खरखरत होता. त्यांचा चष्मा जाड झाला होता. दुपारभर बसून त्यांनी तो नीट केला, चहा बशीत ओतून घेतला, बशी माझ्यापासून लांब ठेवली आणि मला म्हणाले, "आता ह्यो लय दिस चालंल, पाव्हणं." मी त्यांना स्टँडवर पोचवून आलो. गाडीत चढताना खुळखुळ ऐकू आली नाही, पण स्टँडवरच्या गलक्यात मला ते जाणवलं नाही. घरी येऊन रेडिओ भिंतीला सरकवायला गेलो तेव्हा मागे हात लागला. झाकणाला चारही स्क्रू होते. घट्ट आवळलेले.

ते गेल्याला आता बराच काळ झाला. रेडिओ अजून चालतो. त्यातले दोन स्क्रू मी काढून माझ्या खिशात ठेवले आहेत.